आयांचा गोठा

गाईला अहो-जाहो करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कालवड असेपर्यंत साहेब तिला "अगं" म्हणायचे. "अगं, सरक जरा." ती व्यायली, वार पडली, वासरू पायावर उभं राहिलं, की दुसऱ्या दिवसापासून तीच गाय "अहो" व्हायची. "अहो, उठता का? खालचं शेण काढायचंय." आणि गाय उठायची. मी ओरडलो, शेपटी पिरगाळली तरी ढिम्म बसून राहणारी गाय त्यांच्या अहोला उठायची, याचा मला फार राग यायचा.

आमची बायको म्हणायची, "आवरा शिकलेला मानूस, गाईला अहो म्हनतो. येराच हाय."

"आणि मला काय म्हणतात ऐकलंस का?"

"तुमाला दादूस म्हनतात. गाईच्या खालीच ठेवलंय तुमाला."

दादूस हा शब्द ते आमच्या गावात शिकले होते. पण बोलायचे असे नीट, पुस्तकात बघून बोलल्यासारखे, की ऐकणारा हसायचा. मला "तुम्ही"च म्हणायचे. "दादूस, तुम्ही चुकताय." हे वाक्य मी सहा वर्षं रोज ऐकलं.

अंबरनाथला एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. ओतीव लोखंडाचे भाग यायचे, त्यावर हे छोट्या हातोडीने टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, आत तडा आहे की नाही. सगळी नोकरी त्यातच गेली. लग्न केलं नाही. अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर बहिणीबरोबर राहायचे. बहीण शाळेत बाई होत्या, त्यांचंही लग्न झालेलं नव्हतं. सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्या बिल्डिंगला मी दूध घालायचो. साहेब रिटायर झाले त्या महिन्यात एक दिवस जिन्यात मला अडवलं.

"तुमचं दूध आमच्याकडे येतं."

मी मनात म्हटलं, आली तक्रार. "पाणी नाही घालत आम्ही."

"दुधाचं मला कळत नाही. मला पचत नाही, मी पीत नाही. मला गाय बघायची आहे."

आमचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. रविवारी ते बसने आले. काखेत घडीचं स्टूल, हातात डबा. तेव्हा माझ्या दावणीला चार गाई होत्या. साहेब त्यांच्यासमोर स्टूल टाकून सकाळी दहाला बसले ते पाच वाजता उठले. मध्ये एकदा डबा खाल्ला. जाताना म्हणाले, "तुमच्या तीन गाई उठताना पुढच्या गुडघ्यांवर फार वेळ थांबतात. त्यांचे पुढचे खूर दुखतायत."

मी चौथी शिकलोय, पण गुरांत जन्मलोय. आमच्या घरी गुरांची अक्कल कुणाला शिकवावी लागत नाही. कारखान्यातला माणूस स्टुलावर बसून मला सांगतो! त्यांना बसमध्ये बसवलं, घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही गाईंचे पाय उचलून बघितले. होतं तसंच. साहेबांना मी ते कधी सांगितलं नाही.

वर्षाच्या आत आम्ही भागीदार झालो. ओढ्याकाठची जमीन माझी, तिच्यावरची शेड त्यांची, गाई दोघांच्या. दूध अंबरनाथच्या सोसायट्यांना आणि उरलेलं उल्हासनगरला एका सिंधी मिठाईवाल्याला. एवढं ठरायला एक चहा पुरला. गाय कुठली घ्यायची, यावर मात्र आम्ही चार महिने भांडलो.

मला एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टीन गाय पाहिजे होती. काळीपांढरी, परडीएवढी कास, उभी राहिली की दावण भरते. ओढ्यापलीकडे माझ्या चुलत भावाने बारा आणल्या होत्या. सकाळी त्याचे कॅन टेंपोत चढायचे त्याचा आवाज माझ्या ओटीवर यायचा. आणि हा शिकलेला माणूस, ज्याने मला इंग्रजी पुस्तकं दाखवून एचएफ घ्यायला लावायला पाहिजे होती, तो म्हणतो डांगी घेऊ. डोंगरापलीकडची, नाशिक-घोटीकडची डांगी! दूध चहाला पुरेल एवढं.

"साहेब, आपल्याला धंदा करायचाय. गोशाळा नाही."

"धंद्याचंच बोलतोय. गोठा चालवणारी गाय कोण?"

"जास्त देते ती."

"ती मुलगी. मी आईबद्दल विचारतोय. आपल्या गोठ्यात पुढची वीस वर्षं गाई कोणाच्या पोटी येणार?" मग ते जमिनीवर काठीने रेघा मारायचे. "डांगी आई. तिला जर्सी वळूच्या वीर्याची कांडी भरायची. होणारी मुलगी दुधाला. पण आयांमधल्या निम्म्या डांगी वळूलाच दाखवायच्या, म्हणजे आयांना आया मिळत राहतील. बाप काय दादूस, बाप कांडीतून येतो आणि नळी फेकून देतात. तुमच्या या चिखलात चार महिने आई उभी राहणार आहे."

"आमचा चिखल आम्हाला माहीत आहे."

"गाईला विचारलंय का?"

शेवटी शेड त्यांची होती, म्हणून मी ऐकलं. मनातून ऐकलं नाही.

घोटीच्या बाजारात आम्ही सात वेळा गेलो. साहेब विकणाऱ्याला दुधाचं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "हिची आई कुठे आहे?" लोक हसायचे. "आई आहे घरी, तिला पण घ्या!" हे खरोखरच त्याच्या घरी जायचे. वाडीवर, दोन-दोन तास चालत. म्हातारी गाय बघायचे, तिला किती वेतं झाली, बाळंतपणात कधी कुणाला हात घालावा लागला का, वासराला स्वतः चाटते का. मग खिशातून तीच कारखान्याची हातोडी काढायचे आणि तिच्या काळ्या खुरावर हळूच टिचकी मारून कान लावायचे. गाईवाला माझ्याकडे बघायचा. मी दुसरीकडे बघायचो. एकदा दलालाने रिवाजाप्रमाणे उपरण्याखाली साहेबांचा हात घेतला, बोटं दाबून भाव सांगायला. साहेबांनी त्याचा हात धरून चांगला हलवला आणि म्हणाले, "नमस्कार. मी अंबरनाथचा." सगळा बाजार हसला. मी पण हसलो, आणि त्या गर्दीत मी त्यांच्याबरोबर आलोय हे कुणाला कळू नये म्हणून चार पावलं मागे सरलो. हे आता लिहिताना लाज वाटते, पण सरलो होतो.

चौदा गाई आणल्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कातडी अशी तेलकट की पाऊस पडला तर निथळून जायचा, अंगात मुरायचा नाही. साहेबांनी त्यांची दावण वेगळी केली. गावात तिला आयांचा गोठा म्हणायला लागले, पहिल्यांदा चेष्टेने, मग सवयीने. साहेब रोज यायचे. स्टूल टाकायचे, काळा चहा प्यायचे आणि बघत बसायचे. कोण कोणाला चाटते, कोण माजावर आली, कोणाचं वासरू कमी पितंय. रोजच्या बसचा कंडक्टर त्यांचं तिकीट न विचारता फाडायचा आणि म्हणायचा, "सासरी निघाले साहेब."

त्या गाई खरंच कुणाला त्रास न देता व्यायच्या. सकाळी जावं तर वासरू कोरडं होऊन उभं. आणि मुली वाढल्या. पाचव्या वर्षी पहिल्या तीन दुधाला आल्या. फार नाही, पण भावाच्या एचएफच्या निम्म्याच्या वर, आणि दाट. उल्हासनगरचा मिठाईवाला कढईत पळी फिरवून म्हणाला, "साईं, ये दूध किधर छुपा के रखा था? मावा देखो कैसा बैठा है." मी म्हटलं, आमचंच आहे, घरच्या गाईचं. साहेबांचं नाव घेतलं नाही.

तरी मला चैन नव्हती. लग्नात, हळदीत, माणसं भेटली की एकच. "काय दादूस, तुमच्या आया काय म्हनतात? दूध देतात का नुसता आशीर्वाद?" चुलत भाऊ तर सगळ्यांसमोर म्हणाला, "यो सायबाचा गडी हाय. जमीन याची, अक्कल त्याची." ते मला लागलं. फार लागलं. साठी ओलांडलेल्या माणसाला कुणी गडी म्हणावं!

त्याच उन्हाळ्यात साहेब जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने बिछाना. मी भेटायला जायचो तेव्हा ताई चहा करायच्या आणि साहेब प्रत्येक गाईचं नाव घेऊन विचारायचे. बरी आहे का, उलटली का, म्हणजे भरलेली कांडी वाया गेली का. मी सांगायचो. दोनदा खरं सांगितलं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आयांचा गोठा मी विकून मोकळा झालो होतो. सगळ्या आया, एका दिवसात, एका व्यापाऱ्याला. त्यांच्या मुलीही त्यांच्याबरोबरच गेल्या, कारण व्यापाऱ्याला त्याच जास्त पाहिजे होत्या. आणि संगमनेरकडून अकरा एचएफ आणल्या. मला कुणी फसवलं नाही, हे मुद्दाम लिहितो. तीन वेळची धार समोर काढून दाखवली, सांगितलं तेवढंच दूध निघालं. घरी आल्यावरही तेवढंच दिलं. चैत्रातली कोरडी जमीन, पंखे लावलेले, गाई अशा चकचकीत की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून बघायचे. चुलत भाऊ स्वतः आला, दावणीवरून फिरला, एकीची कास हाताने तोलून बघितली आणि गेला. तो दिवस माझा होता.

साहेबांना सांगितलं, सगळं ठीक आहे.

ज्येष्ठात ते पहिल्यांदा बाहेर पडले. बसमध्ये चढता येईना म्हणून अंबरनाथपासून रिक्षा केली. मी फाटकातच उभा होतो. त्यांना वाटेतच सांगायचं असं ठरवलं होतं, पण तोंड उघडलं नाही. डोळ्यांना त्यांचं आधीच कमी दिसायचं, त्यात दुपारचं ऊन. शेडच्या सावलीत काळ्यापांढऱ्या गाई उभ्या. डांगीही काळीपांढरी, एचएफही काळीपांढरी. लांबून त्यांना फरक कळला नाही. काठी टेकत, चेहरा असा उजळलेला, फाटकातूनच म्हणाले, "अहो! आलो बरं का मी!"

एकीनेही मान वळवली नाही.

ते तिथेच थांबले. आयांनी त्यांचा आवाज ओढ्यापलीकडून ओळखला असता. पुन्हा एकदा म्हणाले, हळू, "अहो." मग काठी टेकत पुढे गेले, पहिल्या गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात फिरवताच सगळं कळलं. कातडीच वेगळी. सगळ्या दावणीवरून गेले. प्रत्येकीच्या पाठीवर हात. शेवटच्या गाईपाशी विचारलं, "कुणाला दिल्या?"

"व्यापाऱ्याला."

"कुठल्या?"

"मुरबाडच्या बाजारात भेटला होता."

"त्या कुठे नेल्या त्याने?"

"ते मी नाही विचारलं."

मला वाटलं, आता ओरडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. जमीन माझी आहे, मी काय गडी आहे का, धंदा करायचाय, सगळी. एकाचाही उपयोग झाला नाही. ते स्टुलावर बसले. एकेकीचे पाय बघितले. मग म्हणाले, "या तिसरीच्या खुराला मऊपणा आहे, दादूस. पावसाच्या आधी खाली चुना टाका. आणि दारात मोरचुदाच्या पाण्याचं टाकं करा, येता-जाता पाय बुडतील." बायकोने काळा चहा आणला. त्यांनी तो संपवला, तिला "बरा झाला होता" म्हणाले आणि रिक्षात बसले.

मुरबाडला मी नंतर गुपचूप जाऊन आलो. व्यापारी म्हणाला, "त्या? त्या कवाच फुटल्या. एक हिकडं, एक तिकडं."

पाऊस लागला. ओढ्याकाठची जमीन, चार महिने पाय काढला की भोक पाण्याने भरतं. आषाढात दोन गाई लंगडायला लागल्या. साहेब आठवड्यातून दोनदा रिक्षाने येत. ताई ओरडायच्या, तरी येत. काठी बाजूला ठेवून, मोडक्या खुब्याने खाली बसून एचएफचा पाय मांडीवर घेत, खुराच्या बेचक्यातली घाण काढून मोरचूद लावत. तिलाही अहो म्हणत. "अहो, जरा धीर धरा, झालंच." एकदा मी म्हटलं, "साहेब, द्या, मी करतो." ते म्हणाले, "तुम्ही धार काढा. त्यांची धार वेळेवर झाली पाहिजे." त्यांच्या तोंडून एकदाही "तुम्ही चुकताय" आलं नाही. ते आलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडण झालं असतं तर कदाचित बोलता आलं असतं.

श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते येईनासे झाले. इकडे गोचिडांचा ताप आला. दोन गाई आठवड्यात गेल्या. दगडी होऊन, म्हणजे कास सुजून दगडासारखी होऊन, तिघींचे सड बंद झाले. दूध त्यांनी दिलं, नाही म्हणणार नाही, पण गाभण एकही राहिली नाही. कांडीवर कांडी, सगळ्या उलटल्या. मिठाईवाला म्हणाला, "साईं, अब मावा नहीं बैठता, पानी बैठता है," आणि दुसरीकडून दूध घ्यायला लागला.

भाद्रपदात ताईंचा फोन आला, येऊन जा. मी निघालो तेव्हा ठरवून निघालो होतो. बायकोही म्हणाली होती, "सांगून टाका एकदाचं. चुकलं म्हना. म्हातारा मानूस हाय, काय खातोय का तुमाला?" बदलापूरहून अंबरनाथपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवलं. चुकलं साहेब. दोनच शब्द.

साहेब उशीला टेकून बसले होते. एवढेसे झाले होते. मला बघून म्हणाले, "पाय कसे आहेत त्यांचे?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "बरे आहेत."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. मोरचूद लागू पडलं."

"गाभण?"

"पाच आहेत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "म्हणजे माझंच चुकलं, दादूस. मी आधीपासून चुकीच्या आईला धरून बसलो. तुम्ही पहिल्या दिवशी सांगत होतात. तुमची सहा वर्षं मी फुकट घालवली." माझा हात चाचपून धरला. "मला माफ करा."

त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. ताई आत होत्या. कुणी ऐकत नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. मी म्हणालो,

"जाऊ द्या साहेब. होतं असं माणसाकडून."

मी त्यांना माफ केलं.

चार दिवसांनी साहेब गेले. मी अंत्यविधीला गेलो, खांदा दिला. तेराव्याला गेलो तेव्हा माणसं पांगल्यावर ताईंनी मला थांबवलं, चहा दिला. म्हणाल्या, "शेवटचे चार दिवस शांत होता हो. तुम्ही येऊन गेलात ना, त्यानंतर. मला म्हणाला, माझं चुकलं होतं पण गाई सुखात आहेत, मग काय बिघडलं. मी म्हटलं, तुझं चुकलं आणि तू हसतोस? तर म्हणाला, गाईंचं बरोबर निघालं ना."

मी चहा पीत होतो.

"त्याच्या गाई मी कधी बघितल्याच नाहीत," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसतं ऐकलं. एकदा येऊ का बघायला?"

"या ना," मी म्हटलं, "कधीही या."

त्या दिवशी माझ्या गोठ्यात विकून उरलेल्या चार एचएफ होत्या, चारही भाकड. दिवाळीपर्यंत एकही राहिली नाही. शेड अजून उभी आहे. जमिनीला माणसं विचारतात, मी देत नाही. नव्या गाई आणायला घोटीला दोनदा गेलो. बाजारात डांगी उभ्या होत्या, चांगल्या होत्या. पण आई कशी बघायची ते साहेब बघत होते तेव्हा मी चार पावलं मागे उभा होतो. रिकाम्या हाताने परत आलो.

ताई आता ऐंशीच्या पुढे गेल्या. दोन-तीन महिन्यांनी फोन करतात. रिक्षावाल्याशी बोलून ठेवलंय म्हणतात, कधी येऊ? पावसाळ्यात मी सांगतो, चिखल फार आहे, तुमचा पाय घसरेल. उन्हाळ्यात सांगतो, ऊन फार आहे. परवा पुन्हा फोन आला. विचारलं, "गाई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत. पाच व्यायल्या." ताईंना इतका आनंद झाला. म्हणाल्या, "मग वासरं जरा मोठी होऊ देत, तेव्हाच येते."

"हो," मी म्हटलं, "मोठी होऊ देत."